निकामी या शब्दाची राहिलेली व्याख्या

बापू,

तुझ्या तेराव्याची पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या आणि वहिनींनी गोदामाची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. माझा हात थरथरला. वहिनींना वाटलं, नानांना गलबलून आलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मीही लगेच तशी मुद्रा केली. पन्नाशी गाठली तरी प्रसंगाला शोभेल अशी मुद्रा मला अजून झटकन जमते. पण तुझ्याशी नाटक करून उपयोग नाही. ती भीती होती, बापू. तू स्वतः सुटलास आणि तो डब्यांचा ढीग माझ्या एकट्याच्या गळ्यात घातलास.

तुला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगायला हवं. बंद पडलेल्या स्टुडिओच्या मागं पत्र्याचं एक गोदाम आहे. त्यात जुन्या चित्रपटांच्या फितींचे डबे आहेत. त्या काळची फीत म्हणजे जवळजवळ दारूगोळाच. नुसत्या उन्हानं तापली तरी पेट घेऊ शकते, आणि एकदा पेटली की पाण्यानं विझत नाही. म्हातारी झाली की ती आधी पिवळी पडते, मग चिकट होते, मग तिचा तपकिरी भुगा होतो, आणि प्रत्येक पायरीला तिचा वास बदलतो. गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून चार-सहा घरं आहेत. त्यातल्या रखमाक्काची चूल तेव्हा नेमकी त्याच भिंतीला टेकलेली होती. म्हणजे भिंतीच्या अलीकडे दारूगोळा आणि पलीकडे भाकरी. आणि मधोमध मी, शाळेतला मराठीचा मास्तर, ज्याला दिवाळीत फुलबाजासुद्धा लांब काठीला बांधून लावायची सवय आहे.

या कामात तू मला कसं ओढलंस ते आठवतं? रसवंतीत बसलो होतो. तू तुझी ती काळी छत्री मांडीवर आडवी घेतली होतीस. बारा महिने ती तुझ्याबरोबर असायची. पाऊस असो, ऊन असो, लग्न असो.

"नाना, रिकामाच हाईस न्हवं?"

"पेपर तपासायचे पडलेत."

"ते काय, पास-नापास लिवायचं. मला खोटं बोलणारा माणूस पायजे."

मी रस गिळला. "तू मला खोटारडा म्हणतोस?"

"म्हंतोय की. आयुष्यभर काय केलंस? नाटकात सावकाराचा मुनीम, पिक्चरमधी पाटलाचा हस्तक, आनि त्यो वैद्य, औषिधात इख घालनारा. कवा चांगल्या मानसाचं काम मिळालं तुला?"

नव्हतं मिळालं. माझं नाकच तसं आहे. दिग्दर्शक नाक बघायचे आणि मला कट करायला पाठवायचे. तू त्याच स्टुडिओत संकलकाच्या हाताखाली फिती कापायला आणि जोडायला होतास. माझी कित्येक कारस्थानं तू कात्रीनं कापून खाली टाकलीस, म्हणून तर आपली दोस्ती जमली.

मग तू समजावून सांगितलंस. पुण्यात काही मंडळींनी जुने डबे जमवलेत, मुंबईत काही आहेत आणि आपल्या कोल्हापुरात हे गोदाम. तिन्ही ठिकाणी डब्यागणिक एक कार्ड करायचं आणि तिन्ही ठिकाणच्या कार्डांवर तेच रकाने, तेच शब्द ठेवायचे. मुंबईच्या माणसानं कोल्हापूरचं कार्ड वाचलं तर डबा न बघता त्याला कळलं पाहिजे की आत काय आहे. त्यासाठी प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरवायचा. व्याख्या लिहायची. तू लिहिणार आणि मी ती मोडणार.

"वाईट मानूस हूनच यायचं," तू बजावलंस. "माझ्या व्याखेतनं त्यो कसा पळतोय ते दाव. चांगल्या मानसाला व्याख्या लागत न्हाय. ती वाईटासाठीच."

बापू, उभ्या जन्मात मला इतकी चांगली भूमिका कुणी दिली नव्हती.

पहिला शब्द 'तारीख'. तू लिहिलंस, चित्रपट तयार झाला ती तारीख. मी स्टुडिओच्या दारातून बाहेर गेलो आणि निर्मात्याचा भाचा होऊन आत आलो, एक भुवई वर, तोंडात पान. "तयार म्हंजे? शूटिंग संपलं ती? का सेन्सॉरचा शिक्का पडला ती? का मामानं पयल्या खेळाला नारळ फोडला ती? मामाच्या वाटणीत मला जी सोयीची ती घालू का?" तू पोट धरून हसलास आणि व्याख्येवर काट मारलीस. 'तारीख' हा शब्द एकटा कुठं येणारच नाही, असं आपण ठरवलं. कशाची तारीख, ते आधी सांगायचं. पुण्याच्या गृहस्थांनी यावर चार पानी पत्र लिहिलं. चित्रपटाची तारीख एकच असते आणि ती आम्हांला ठाऊक आहे, असा त्याचा सारांश होता. तू एका पोस्टकार्डावर उत्तर दिलंस: 'ठाऊक असेल तर कळवावी. कशाची ते लिहावे.' त्यांनी तीन तारखा कळवल्या. विषय मिटला.

'पूर्ण' या शब्दाला तर मी तुला रडवलं. तू म्हणालास, ज्या चित्रपटाची सगळी रिळं असतील तो पूर्ण. मी डबे विकणारा दलाल झालो. "सगळी रिळं हायत की साहेब, मोजून घ्या. आत काय हाय ते कुठं लिवलंय? एका रिळात दुसऱ्याच पिक्चरची मारामारी हाय, पन रीळ हाय!" तू छत्री आपटलीस आणि माझ्यावर ओरडलास, "उघडलं कुनी? बघितलं कुनी?" तिथून तो तुझा ठरलेला संवाद झाला. मी कुठलाही लबाड होऊन येवो, तू छत्रीचं टोक फरशीवर आपटायचास आणि विचारायचास. उघडलं कुनी? बघितलं कुनी? शेवटी प्रत्येक कार्डावर तो रकानाच आला. पाहणाराचं नाव.

हे सगळं स्टुडिओच्या जुन्या रंगपटात चालायचं, तिथवर मी सुखी होतो. गोदामात जायची वेळ आली आणि मला पेपर तपासायची आठवण व्हायला लागली. तुझे नियम कडक. काम फक्त दिवसा. बिडी नाही, कंदील नाही. पायातल्या नाल मारलेल्या चपला दाराबाहेर. मी तर काडेपेटी घरीच ठेवून यायचो आणि वाटेत दोनदा खिसे चाचपायचो.

उन्हाळ्यातली ती दुपार. पत्रे तापून कडकड वाजत होते. तू एका डब्याचं झाकण चाकूनं उचकटलंस आणि आतून असा वास आला, जणू कुणी ओले मोजे दारूत भिजवून वर्षभर ठेवलेत. तेवढ्यात भिंतीपलीकडून रखमाक्काचा आवाज आला, "अगं, फुंकणी आण की!" मी अनवाणी पळत सुटलो. गोदाम, अंगण, फाटक ओलांडून थेट नळापाशी. तिथल्या बायका बघतच राहिल्या. एक म्हणाली, "मास्तर, कुत्रं लागलंय व्हय मागं?" मी म्हणालो, "नाही हो, चहा प्यायची वेळ झाली." तापलेल्या डांबरावर एक पाय, मग दुसरा पाय, असा नाचत मी हे उत्तर दिलं. तू फाटकात उभा राहून इतका हसलास की तुला खोकल्याची उबळ आली.

पण संध्याकाळी तू एकटा रखमाक्काकडे गेलास, भिंतीपासून चूल हलवायची विनंती केलीस आणि नवी चूल स्वतः लिंपून दिलीस. मला सांगितलं नाहीस. ते मला तुझ्या माघारी, तिच्याकडूनच कळलं. म्हणजे भीती तुलाही वाटत होती. फक्त तू तिचं काहीतरी करत होतास आणि मी तिला घेऊन नळापर्यंत पळत होतो.

त्या दुपारनंतर आपलं भांडण सुरू झालं. 'निकामी' या शब्दावरून.

हा शब्द पुण्या-मुंबईच्या यादीत नव्हता. त्यांच्याकडचे डबे बरे होते. आपलेच डबे म्हातारे. पण एकदा शब्द यादीत गेला की तिन्ही गावांना लागणार होता, आणि कार्डावर 'निकामी' लिहिलेला डबा गोदामातून बाहेर जाणार होता. गाळायला. जुन्या फितीत चांदी असते. ती धुऊन काढतात. म्हणजे हा एकच शब्द असा, की तो लिहिला की ज्याच्यावर लिहिला ते राहतच नाही. बाकीच्या शब्दांत चूक झाली तर कार्ड बदलता येईल. यात चुकलं तर कार्ड उरेल आणि डबा नसेल.

मी म्हणालो, "ज्या डब्याला वास येतो तो निकामी. संपलं."

"वास आला म्हंजे निकामी?"

"माणसं राहतात रे भिंतीपलीकडे!"

"मग ती भीती हाय. भीती एक आनि निकामी दुसरं. दोन गोष्टी एका रकान्यात घालू नगंस."

"जळून मेल्यावर रकाने मोजत बस."

"तुझ्या भीतीला येगळा रकाना देतो की! धोका म्हनून. तिथं काय लिवायचं ते लिव. ढीगभर लिव. पन भ्या वाटलं म्हनून चित्र न्हाय असं नगं म्हनू."

तू लिहिलंस: निकामी म्हणजे ज्या फितीवर, डबा उघडून उजेडात बघितल्यावर, दोन माणसांना, एकमेकांना न सांगता बघूनही, काही दिसलं नाही ती. मी ती मोडायला भंगारवाला होऊन आलो. खांद्यावर पोतं घेतलं, आवाजात साखर घातली. "साहेब, कशाला उघडताय? वासानं मळमळ हुईल तुमास्नी. भायेरनंच लिवा की, निकामी." त्या दिवशी तू हसला नाहीस. छत्रीही आपटली नाहीस. माझ्याकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "ह्यो तुझा मानूस लबाड न्हाय, नाना. ह्यो खरंच बोलतोय." मला राग आला. कारण तो भंगारवाला खरोखरच बोलत होता, माझ्या पोटातून.

तरी आपण तुझ्या व्याख्येनं एक डबा तपासला. एकेचाळीस नंबर. मी फितीचं टोक खिडकीच्या उजेडात वर धरलं. तपकिरी. नुसती तपकिरी, काकवीच्या रंगाची. मग मी दारात जाऊन उभा राहिलो आणि तू बघितलंस. तुझी बघायची तऱ्हाच वेगळी, खाली मान घालून, फीत मांडीवर घेऊन. मांडीवर छत्री पसरलेली, धोतराला डाग पडू नये म्हणून. दोघांनी आपापला निकाल सांगितला. माझा 'काही नाही'. तुझा 'हाय'.

"काय आहे?"

"बाई हाय. न्हालीया. केस वाळवत बसलीया."

मी हसलो. आपल्या स्टुडिओच्या चित्रपटांत बाया लढल्या, रडल्या, विहिरीत उड्या मारल्या. केस वाळवत कुणी बसल्याचं मला आठवत नव्हतं. मी म्हणालो, "बापू, या वयात बायका दिसायला लागल्या का?"

तू फीत माझ्यापुढं केलीस. "परत बघ."

मी बघितलं नाही. वास येत होता. मी म्हणालो, पुढच्या वेळी. तू झाकण लावलंस, आणि त्या दिवसापासून एक गोष्ट आपण दोघांनीही बोलून दाखवली नाही. मला वाटत होतं की डबा वाचवायला तू खोटं बोललास. लबाडाची कामं मी करायची आणि खोटं तू बोलायचं! आणि तुला कळलं होतं की मला तसं वाटतंय.

हा संशय किती भीतीदायक होता ते तुला सांगतो. एकेचाळीसचं जाऊ दे. पण तू एका डब्यापुरतं खोटं बोलला असशील, तर पाहणाराच्या रकान्यात तुझं नाव असलेल्या बाकीच्या कार्डांचं काय? सगळं कामच त्या एका रकान्यावर उभं होतं.

शेवटी भेटलो तेव्हा तू खाटेवर होतास. मी मोठ्या डौलानं आत आलो, डॉक्टरची नक्कल केली, विषप्रयोग करणारा वैद्यही करून दाखवला. तू हसलास. मग विचारलंस, "एकेचाळीस बघितलास परत?"

"उद्या बघतो."

"उद्या म्हंजे कशाची तारीख?" असं म्हणून तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलास.

आता बैठकीचं सांगतो.

तेराव्यानंतर स्टुडिओच्या मालकांचे जावई आले. त्यांना जागा मोकळी हवी होती. भला माणूस, पण घड्याळाकडे बघत बोलणारा. पुण्याचे गृहस्थ आले, तारखांवाले. मुंबईहून पत्र होतं: 'निकामी' या शब्दाबाबत कोल्हापूर ठरवेल ते आम्हांस मान्य. आणि हुपरीचे आण्णा आले, चांदीचे व्यापारी. धिप्पाड, काळी टोपी, पांढरंशुभ्र धोतर. निकामी ठरलेले डबे तेच घेणार होते. सकाळची वेळ, जागा तीच, आपला रंगपट. समोरच्या भिंतीवर अजून तो मोठा आरसा आहे, एका कोपऱ्यात तडकलेला.

मी तुझी व्याख्या वाचून दाखवली. जावई म्हणाले, "दोघांनी बघायचं? आता दुसरा कुठून आणायचा?" पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "तत्त्वतः ठीक आहे, पण व्यवहारात वासावरूनच ठरवावं लागेल." आणि आण्णा पुढं झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती, बापू. अगदी मायेनं म्हणाले:

"मास्तर, कशाला उगडताय? वासानं मळमळ हुईल तुमास्नी. भायेरनंच लिवा की, निकामी."

माझाच संवाद, आणि माझ्याच लयीत! शेवटच्या शब्दाआधी मी जो दम घ्यायचो तोसुद्धा तिथंच. मी आरशात बघितलं. त्यात मी होतो, आण्णा होते, आणि तू बसायचास ती खुर्ची रिकामी होती. कुणीही छत्री आपटली नाही.

खरं सांगतो, मी 'बरं' म्हणणार होतो. किल्ली खिशात होती, मांडीला टोचत होती. एक शब्द लिहिला की वास गेला, रखमाक्काच्या पोरीबाळी सुरक्षित, पुन्हा कधी त्या दारात चपला काढायला नकोत. आणि तिन्ही गावांत पुढं जो कुणी माझ्यासारखा भित्रा डब्यापुढं उभा राहील, त्याला आयतं सांगता येईल, कोल्हापूरकरांनी ठरवलंय, उघडायची गरज नाही.

लबाड सगळे हजर होते. तूच तेवढा नव्हतास. मग मीच तू झालो.

आयुष्यात पहिल्यांदा मी चांगल्या माणसाचं काम केलं, बापू. ते फार अवघड असतं. त्यात आवाज लावून भागत नाही. कोपऱ्यात कुणाची तरी छत्री होती ती घेतली, टोक फरशीवर आपटलं आणि ओरडलो, "उघडलं कुनी? बघितलं कुनी?"

जावई दचकले. पुण्याच्या गृहस्थांनी चष्मा काढला. ती छत्री त्यांची होती.

"दुसरा माणूस पाहिजे ना?" मी म्हणालो. "आण्णा बघतील."

"मी?" आण्णा म्हणाले. "मला ह्यातलं काय कळतंय?"

"चित्र दिसतंय का नाही, एवढंच सांगायचं. तुम्हांला डबा पाहिजे. तुम्हीच 'काही नाही' म्हणालात तर माझा विरोध नाही. मालाला हात न लावता तुम्ही चांदी घेता का?"

"आँ? कोन घेतंय तसं!"

"मग चला."

अंगणातून जाताना माझे पाय मला न विचारता फाटकाकडे वळत होते. आण्णांनी दारात चपला काढल्या, जावयांनी बूट काढले, पुण्याच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला आणि बाहेरच थांबले. मी एकेचाळीस नंबर खाली घेतला. झाकणाला चाकू लावताना मला एवढंच वाटत होतं: आण्णांनाही काही दिसलं नाही, तर बापू खोटं बोलला असं ठरेल, तेही तो उत्तर द्यायला नसताना. झाकण निघालं. तोच वास. रखमाक्का पलीकडे कुणाला तरी हाका मारत होती.

मी खिडकीपाशी गेलो, फीत वर धरली. तपकिरी. काकवी. काही नाही.

मी बोललो नाही. नियम नियम आहे. फीत आण्णांच्या हातात दिली आणि मागं सरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. एका चित्रपटात मी असाच भिंतीकडे तोंड करून उभा होतो, पण तेव्हा पाठीत सुरा बसणार हे माहीत होतं.

न राहवून मी मान वळवली. आण्णांनी फीत वर धरलीच नव्हती. चांदीचा माणूस तो. चांदी कुणी उजेडासमोर धरून बघतं का? त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढली होती, डाव्या हातावर पालथी ठेवली होती आणि तिच्या काळ्या कापडावर फीत आडवी धरून ती हळूहळू कलती करत होते, पैंजणाचं पाणी बघावं तशी.

"हाय की," ते म्हणाले.

"काय आहे?" मी तिथूनच विचारलं.

"बाई हाय एक." त्यांनी फीत आणखी कलती केली. "न्हालीया वाटतं. केस सोडून बसलीया उन्हात."

बापू.

तुझी छत्री. मांडीवर पसरलेली काळी छत्री. विटलेली फीत उजेडासमोर धरली की तपकिरीच दिसते. काळ्यावर कलती धरली की तिच्यातली उरलीसुरली चांदी चमकते आणि चित्र वर येतं. तू खोटं बोलला नव्हतास. तू धोतर जपत होतास. की तुला ठाऊक होतं? ठाऊक होतं आणि मी परत बघायला आलो की दाखवणार होतास? की तुलाही कळलं नव्हतं, तुला दिसतं आणि नानाला का दिसत नाही? खाटेवर पडल्या पडल्या तू याच विचारात होतास का? मी उद्या म्हणालो, म्हणून हे आता मला कधीच कळणार नाही.

आण्णांनी टोपी आणि फीत माझ्याकडे दिली. माझा हात इतका हलत होता की बाई लपत होती, दिसत होती. मग आण्णांनी माझं मनगट धरलं आणि ती स्थिर झाली. पाठमोरी नाही, बाजूनं बसलेली. एका हातानं केस पसरलेले. तिला कुणी बघतंय हे तिला ठाऊक नाही. कुठल्या चित्रपटातली, कोण, काहीच कळत नाही. कदाचित चित्रपटातली नसेलही. कॅमेरा तपासायला कुणीतरी उन्हात बसलेल्या कामकरणीवर तो फिरवला असेल.

"हिला कसं गाळायचं ओ?" आण्णा म्हणाले. मग माझं मनगट सोडत, "माझं नाव घालनार व्हय त्या कार्डावर?"

घातलं. पाहणारे, पहिलं तुझं नाव, दुसरं आण्णांचं. माझं नाव 'काही दिसले नाही' म्हणणाऱ्यांत.

बाहेर येऊन मी व्याख्येत थोडी भर घातली आणि या वेळी पुण्याच्या गृहस्थांनी चार पानं लिहिली नाहीत. आता ती अशी आहे: निकामी म्हणजे ज्या फितीवर, डबा उघडून, ती एकदा उजेडासमोर धरून आणि एकदा काळ्या कापडावर कलती धरून, दोन माणसांना, एकमेकांना न सांगता बघूनही, काही दिसलं नाही ती. वास हा शब्द त्यात नाही. वास 'धोका' या रकान्यात गेला, तू दिलेल्या माझ्या रकान्यात. मी तिथं ढीगभर लिहिलं आहे. जावयांनी ते वाचलं, घड्याळाकडे बघायचं विसरले आणि गावाबाहेरच्या त्यांच्या मळ्यातली दगडी खोली डब्यांसाठी देतो म्हणाले. जवळ घर नाही, चूल नाही. भुगा झालेले डबेही तिथंच नेऊन, दोघांनी बघून, मगच काय ते ठरेल. आण्णांना त्यांतले काही मिळतीलही. त्यांचा राग नाही. टोपीला मात्र डाग पडला आहे.

ही व्याख्या मोडायचा प्रयत्न मी काल दिवसभर केला. भाचा झालो, दलाल झालो, भंगारवाला झालो. आरशापुढं उभा राहून सगळी नाकं मुरडली. मला अजून फट सापडलेली नाही. पण समोर तू नाहीस, त्यामुळे फट नाही की माझीच नजर आंधळी, हे सांगणार कोण? याचीही भीती वाटते. ती कुठल्या रकान्यात घालू ते तू सांगितलं नाहीस.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत बैलगाडी येणार आहे. मोटर नको असं मीच सांगितलं, मोटरला इंजिन असतं. रखमाक्का पोरांना घेऊन भावाकडे जाणार आहे तेवढा वेळ. तुझी छत्री वहिनींकडून मागून आणली आहे. पहिला डबा एकेचाळीस, तो मी उचलायचा असं ठरलंय. माझ्याच दोन हातांत, पोटाशी धरून, गोदामापासून गाडीपर्यंत.

मला भीती वाटते आहे, बापू.

"वाटू दे की," तू म्हणाला असतास. "उचल."